शनिवारी फळा कोण धुणार?

कुंदे,

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी तुझ्यावर एक पान मागितलंय माझ्याकडे. निरोप घेऊन आलेल्या सरांनी दारातच आवाज खाली केला आणि म्हणाले, "मॅडम, तेवढे वादग्रस्त उल्लेख टाळा, बाकी काहीही लिहा." मी म्हटलं, सर, कुंदातून वादग्रस्त काढलं तर उरते काय? चष्मा आणि डबा. ते हसले. मी नाही हसले. ते पान मी त्यांना देणार नाही. हे तुलाच लिहिते आहे, आणि शुद्धबिद्ध काही लिहिणार नाही. तुझ्याशी शुद्ध बोलायला लागले तर तू वरून विचारशील, "काय झालं वं सुलभा, कोणी मेलं काय?"

हाव, मेलं ना. तू मेलीस. रात्री धडधाकट झोपलीस आणि सकाळी उठलीच नाहीस. आणि 'वरून' म्हटलं म्हणून लगेच भांडू नको, वर कोणी नसते हे तू मला इतकी वर्षं ऐकवलं आहेस की मला पाठ झालंय. पण मग आता बोलायचं कुठं तोंड करून, ते तरी सांगून जायचं होतंस.

शोकसभा झाली तुझी. मोठ्या हॉलमध्ये तुझा फोटो, तोच ओळखपत्रावरचा, ज्यात तू कोणावर तरी खेकसायच्या बेतात दिसतेस. प्राचार्य बोलले. "कुंदा मॅडम निर्भीड होत्या, विद्यार्थिप्रिय होत्या." निर्भीड म्हणे! तू जिवंत होतीस तोवर याच गुणाला हा माणूस 'उद्धटपणा' म्हणत होता. मग दोन मिनिटं सगळे उभे राहून गप्प. आणि ज्या पोरींनी तुझ्यासाठी खरंच रडायचं, त्या गेटच्या बाहेर उभ्या. त्यांची चौकशी चालू आहे म्हणून आत यायला मनाई. मला खिडकीतून त्यांच्यातली पायल दिसत होती. तीसुद्धा उभी होती, मान खाली घालून, रस्त्यावर, दोन मिनिटं पाळून राहिली होती. माझ्या गळ्यात सिटी होती. वाटलं, अशी फुंकावी की हॉलच्या काचा खाली आल्या पाहिजेत.

नाही फुंकली. तुझी सभा होती म्हणून.

लोक मला विचारतात, राज्यशास्त्र शिकवणारी ती आणि पोरांना मैदानावर पळवणारी तू, तुमची गट्टी जमली कशी? कसली गट्टी, आपण तर भांडतच होतो. कॉलेजात नेहमीचं आहे, खेळाच्या मॅडमच्या गळ्यात सिटी असते म्हणून शिस्त समितीही तिच्याच गळ्यात मारतात. मी शिस्तवाली आणि तू बिघडवणारी. माझ्या कबड्डीच्या पोरी ट्रॅकपँट घालून सराव करतात म्हणून कुंपणाबाहेर पोट्टे जमायला लागले, आणि ऑफिसातून हुकूम आला की पोरींचा सराव बंद. पोट्ट्यांना हाकला म्हणून नाही, पोरींचा बंद! मी डोस्कं फिरवून घेऊन बसले होते. तू काय केलंस? संध्याकाळी डबा घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभर. तू बसलीस म्हणून अजून दोन मॅडम येऊन बसल्या, आणि कुंपणाबाहेरचे पोट्टे कंटाळून निघून गेले. कबड्डीतलं तुला ओ की ठो कळत नव्हतं, आपली पोरगी बाद झाली की तू टाळ्या वाजवायचीस. पोरी हसून हसून लोळायच्या. मी तुला तेव्हा म्हटलं, "गप बस वं भैताड, हरून राहिलो आपण." आभार मानायचे राहूनच गेले. आता मानते. काय उपयोग आहे, पण मानते.

आणि तो फळा. बाहेरच्या माणसाला तो सांगितल्याशिवाय तू कळायची नाहीस. पोर्चमधला, जिन्याजवळचा, जुन्या वर्गातून काढून टाकलेला काळा फळा. तू नवीन लागलीस तेव्हा तो तिथं टांगून घेतलास आणि पोरांना सांगितलंस, लिहा. कोणीही लिहा, कोणाबद्दलही लिहा. नियम दोनच. दुसऱ्यानं लिहिलेलं पुसायचं नाही, पटलं नाही तर खाली लिहायचं. आणि शनिवारी फळा धुवायचा, पण तो कोणी? ज्याच्याबद्दल त्या आठवड्यात सगळ्यात जास्त लिहिलं गेलं, त्यानं. "पुसणाऱ्याले आधी वाचा लागते," तू म्हणायचीस. "बिना वाचल्याचं पुसलं तर त्याले धुणं म्हणत नाही वं, तोंड दाबणं म्हणतात."

मला तेव्हा हा पोरखेळ वाटला होता. पण जुन्या प्राचार्यांचा तो शनिवार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पोरींच्या संडासात पाणी नव्हतं, आणि आठवडाभर फळ्यावर त्या माणसाची अशी काही पूजा बांधली होती की शिपाईसुद्धा वाचून लाजत होते. शनिवारी म्हातारा खाली आला. पँटचे पाय वर दुमडलेले, हातात बादली. एकेक ओळ ओठ हलवत वाचली. "हे खडूस कोणी लिहिलं? शब्द बरोबर आहे," म्हणाला आणि फळा धुवायला लागला. सोमवारी नळवाला हजर. त्या दिवशी तू माझ्याकडे अशी पाहत होतीस, जणू नळ तूच बसवला.

पण फळ्यावरून आपलं जे खरं भांडण झालं, ते मिटलं नाही. आजही मिटलेलं नाही, ऐकून घे. त्या चार पोट्ट्यांनी तुझ्यावर लिहिलं होतं. 'कोट्यातल्या मॅडम', आणि त्याच्यापुढे जे लिहिलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. मी ओला फडका घेऊन धावले, तर तू माझं मनगट धरलंस. "पुसू नको." मी ओरडले, "कुंदे, हे बोलणं आहे काय? ही शिवी आहे!" तू म्हणालीस, "शिवी आहे हे मले माहीत आहे. मले लहानपणापासून येते ती ओळखता. पण आज तू माझ्यासाठी पुसशील, उद्या कोणी त्याच्यासाठी माझं पुसन." आणि खडू घेऊन खाली लिहिलंस, 'माझा तास सोमवारी अकरा वाजता असतो. येऊन बसा, मग ठरवा.' शनिवारी तूच बादली घेऊन आलीस, कारण त्या आठवड्यात सगळ्यात जास्त तुझ्याबद्दलच लिहिलेलं. ते चौघे जिन्यात उभे राहून पाहत होते. तू एकेक अक्षर वाचलंस आणि धुतलंस. धुऊन झाल्यावर तू दोन्ही हात काखेत दाबून धरलेस, कुंदे. मी पाहिले. तू म्हणालीस पाणी थंड आहे.

मी अजूनही म्हणते, त्या दिवशी मी पुसायला पाहिजे होतं. प्रत्येक गोष्टीला खाली लिहून उत्तर देत बसायचा ठेका काय आपणच घेतला आहे? त्या चौघांतला एकही सोमवारी तुझ्या तासाला आला नाही. त्यांतला एक मला परवा धरमपेठेत भाजी घेताना दिसला, त्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही. तुझ्या मोठेपणानं कोणी सुधारलं नाही, हे तुला माहीत असू दे. तू म्हणाली असतीस, "मी सुधरवाले लिहिलंच नव्हतं." मग कशाला लिहिलं होतंस? याचं उत्तर तू पुढच्या चहावर टाकलं होतंस, आणि तो चहा राहिला.

आता पायलचं. तुला अर्धं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते.

नवे प्राचार्य आले आणि अभ्यासिकेतून पोरींना पाच वाजता उठवायला लागले. पोरांना नऊपर्यंत मुभा. सुरक्षेसाठी म्हणे! पोरींनी अर्ज दिला, उत्तर नाही. पोरींनी फळ्यावर लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर हिरवा ऑइलपेंट. वरून चकचकीत अक्षरात 'सुविचार'. त्यावर खडू उमटतच नाही, नुसता घसरतो. मग पायल आणि तिच्या मैत्रिणी पाच वाजता अभ्यासिकेतून उठल्या आणि पुस्तकं घेऊन पोर्चच्या पायऱ्यांवर वाचत बसल्या. घोषणा नाही, फलक नाही. नुसत्या वाचत. पोर्चचा दिवा घालवला तर मोबाइलच्या उजेडात वाचत. आठवडाभरात पायऱ्या भरून गेल्या. त्यांच्यात पोरंही येऊन बसली, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर तू, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शेंगदाणे खात.

मग नोटीस लागली, परवानगीशिवाय जमाव करू नये. पायल उठली, ती नोटीस मोठ्यानं वाचली आणि एकच वाक्य बोलली. "सर, वाचाले पण परवानगी लागते काय?" कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि सगळ्या नागपुरात फिरलं. झालं! पायलचं प्रकरण आमच्या शिस्त समितीपुढं. प्राचार्यांचा अवमान, शैक्षणिक वातावरण बिघडवणे. वाचल्यानं शैक्षणिक वातावरण बिघडते, हे मी नोकरीच्या शेवटी शिकले.

आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच. तुझ्या घरी, तू पोळ्या लाटत होतीस. तू म्हणालीस, "त्या समितीतून बाहेर पड. राजीनामा दे आणि पायरीवर येऊन बस." मी म्हटलं, "बाहेर पडले तर आत पायलच्या बाजूनं बोलायला राहील कोण? मी आत राहून वाचवते तिला." तू लाटणं थांबवलंस. "आत राहून कोणी कोणाले वाचवत नसते वं सुलभा. आत राहून फक्त चहा भेटते." मला राग आला. मी म्हटलं, तुझं काय जाते, तुला भांडायची सवयच आहे, घराण्याची आहे. तेव्हा तू तुझ्या आजीचं बोललीस. "छप्पन साली माझी आजी लेकराले काखेत घेऊन मैदानात उभी राह्यली आणि जे नाकाराचं ते नाकारलं. कोण्या समितीले विचारून नाही नाकारलं तिनं." मी ताटावरून उठले. तू मागून ओरडलीस, "अवं जेवून तरी जाय!" मी नाही थांबले. दोन दिवसांनी समितीपुढं तू पायलची साक्षीदार म्हणून येणार होतीस. म्हटलं, तेव्हा भेटेलच, तिथंच ऐकवीन.

तू आली नाहीस. तुझ्या जागेवर रिकामी खुर्ची होती, आणि चहा आला.

चौघे होतो आम्ही. प्राचार्य, दोन सर आणि मी. मी बोलले, कुंदे. गंज बोलले. टेबलावर हात आपटले. विचारलं, हिनं दगड मारला काय? काच फोडली? शिवी दिली? पायऱ्यांवर पुस्तक वाचणं गुन्हा आहे तर वर्गात काय करून राहिलो आपण? पोरं प्रश्न विचारणार नाहीत तर मग हे कॉलेज काहून म्हणाचं, गोदाम म्हणा ना, लकडगंजात माझ्या माहेराशेजारी गंज गोदामं आहेत, तिथं लाकडं रचून ठेवतात, एकही लाकूड उलटून बोलत नाही. एका सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. दुसरे म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजतात, मैत्रीण गेली आहे तुमची." म्हणजे मी बरोबर बोलत नव्हते, मला नुसतं दुःख झालं होतं! प्राचार्य शेवटी म्हणाले, निर्णय एकमताने झाला असं लिहू, संस्थेच्या दृष्टीने ते बरं दिसते. मी म्हटलं, माझा विरोध आहे. ते म्हणाले, "ऐकला ना आम्ही." ऐकला! लिहिला नाही. मी सही केली नाही, तर म्हणाले तीन सह्या पुरतात. वर दम दिला, समितीतलं बाहेर बोललात तर तुमच्यावरही कारवाई होईल. पायल वर्षभरासाठी कॉलेजबाहेर. शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर.

तुझं बरोबर निघालं. मला फक्त चहा भेटला.

तिचा बाप आला होता निकाल ऐकायला. संत्र्यांचा टेम्पो घेऊन कळमन्याच्या बाजारात येतो, माल उतरवून तसाच आला, अंगाला संत्र्यांचा वास. मला एका बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, पोरगी वाचूनच राह्यली होती ना? दुसरं काही तर नाही केलं ना तिनं?" मी म्हटलं नाही दादा, वाचूनच राहिली होती. तो म्हणाला, "मंग?" एवढंच. मंग? तू असतीस तर त्याच्यासमोर बसली असतीस, पाणी दिलं असतंस, कोर्टाचं, विद्यापीठाचं काहीतरी सांगितलं असतंस. मी वकिलाचं म्हटलं, तर त्यानं हात जोडले. "आमच्या घरात पहिलीच होती एवढी शिकणारी. आता भाऊबंद म्हणतात, शयरात पाठवून हे काय झालं. तिच्या लग्नाचं पाहून राह्यले सगळे." पायल त्याच्या मागे उभी होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. काहून बघेल? तिच्या हिशेबानं चारही जणांनी मिळून तिला काढलं. एकमतानं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. तुझ्या घरी सगळे शांत बसले होते, वंदना चालू होती, आणि मला नुसतं ओरडावंसं वाटत होतं. तुझ्या वहिनीनं वाढलेलं जेवले. त्या दिवशी टाकून गेलेलं ताट होतं ते, असं समजून शेवटच्या घासापर्यंत जेवले.

काल शनिवार होता.

सकाळी कॉलेजला आले तर गेटसमोरचा सगळा सिमेंट रोड खडूनं भरलेला. फळा घेतला तर पोरांनी रस्ता घेतला. आणि सिमेंटवर खडू काय उमटतो वं, तुझ्या फळ्यापेक्षा चांगला! मी वाचायला लागले. प्राचार्यांवर थोडं होतं, अभ्यासिकेवर थोडं. बाकी सगळं माझ्यावर. 'सिटीवाल्या मॅडम, आता काहून नाही वाजली सिटी?' 'चार हात वर झाले, एक तुमचा.' 'कुंदा मॅडम गेल्या, तुम्ही विकल्या गेल्या.' कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात, 'पायलनं तुमच्यासाठी गोल्ड आणलं होतं.' आणलं होतं. कबड्डीत, विद्यापीठाचं. तेव्हाही तू चुकीच्या वेळी टाळ्या वाजवत होतीस.

मी आत गेले आणि बादली भरून आणली. नियम आहे ना. ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं, त्यानं धुवायचं. फडका ओला करून मी रोडवर बसले. गुडघे दुखतात आता. पहिल्या अक्षरावर फडका ठेवला आणि मला पटकन तुझा हात आठवला, मनगटावरचा. मी रडले, भर रस्त्यात, येणारे-जाणारे पाहत होते. पाहू दे.

मग उठले. सामानाच्या खोलीतून मैदान आखायची फक्कीची गोणी आणली. आयुष्यभर पांढऱ्या रेघा आखल्या मी त्या फक्कीनं, इकडं पाय ठेवला तर बाद, तिकडं ठेवला तर बाद. पोरांच्या ओळींखाली, हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं. 'मी पायलच्या बाजूने मत दिलं. ते कागदावर घेतलं नाही. तिची शिक्षा चूक आहे.' खाली नाव, सुलभा, खेळ विभाग. मग हात थांबेना. अभ्यासिका पाच वाजता का, ते प्राचार्यांना विचारलं. फळा का रंगवला ते विचारलं. पोरीच्या एका वाक्याला एवढे काहून भ्यालात ते विचारलं. गोणी संपेपर्यंत लिहिलं. रस्त्याच्या पार त्या टोकापर्यंत. माझ्यापेक्षा त्यांच्याबद्दल जास्त होईल, इतकं.

आणि बादली उचलली, जिना चढले, त्यांच्या केबिनच्या दारात ठेवली, वर फडका घडी करून. ते फोनवर होते. मी म्हटलं, "सर, आज शनिवार आहे. मोजून पाहा, पाळी तुमची आहे. पण आधी वाचा लागते."

ते उतरले नाहीत. दुपारी पाण्याचा टँकर बोलावला आणि रस्ता धुऊन काढला. कोणीच वाचलं नाही असं नाही, पोरं मोबाइलवर फोटो काढून गेली होती. पण ज्यानं वाचायला पाहिजे होतं त्यानं वाचलं नाही. आणि जिच्यासाठी लिहिलं, ती नव्हती, कुंदे. तिचा बाप तिला शुक्रवारीच टेम्पोत बसवून घेऊन गेला. मी फोन केला, बंद आहे. फोटो पाठवलाय, पाहिल्याची खूण आली नाही. माझ्यावर काय कारवाई होईल ते सोमवारी कळेल, त्याचं मला काही वाटत नाही. ती पोरगी मला चौथा हात समजून गेली, हे मला सहन होत नाही. उशीर झाला वं. मी पायरीवर बसावं म्हणून तुला मरावं लागलं.

तू फळ्यावर खाली कशाला लिहायचीस, ते मला अजून कळलेलं नाही. मी तर लिहूनही हरले. पण काल घरी जाताना पुन्हा वर जाऊन पाहिलं, बादली त्यांच्या दारात तशीच होती. शिपायाला विचारलं, तर म्हणाला, "उचलाले नाही सांगितलं मॅडम कोणी." ठेव म्हटलं. चैत्राचं ऊन आहे, पुढच्या शनिवारपर्यंत पाणी आटून जाईल. मला ठेवतील तोवर मी रोज सकाळी भरून ठेवीन.

तुझी,
सुलभा